मापात पाप नसलेला आवाज

१९५२ सालच्या अखेरीस मुंबईतील एका रेडिओ-जाहिरात संस्थेत एक काम कोणी स्वीकारीना. दर आठवड्याला हिंदी चित्रपटगीतांचा एक कार्यक्रम लिहायचा, त्याची निर्मिती पाहायची, निवेदन करायचे आणि श्रोत्यांची जी पत्रे येतील ती उघडून, तपासून त्यांचा हिशेबही स्वतःच ठेवायचा. या सर्वांचा मोबदला आठवड्याला २५ रुपये. अनुभवी मंडळींनी एवढ्या रकमेत इतकी यातायात करण्यास नकार दिला आणि ते काम विशीच्या उंबरठ्यावरील एका नवख्या तरुणाने पत्करले. अमीन सयानी हे त्याचे नाव. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम प्रसारित झाला. पुढे नावे बदलली, केंद्र बदलले, परंतु ही माला ४२ वर्षे चालू राहिली.

या कार्यक्रमाच्या जन्मामागे व्यापाराचे एक साधे गणित होते. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री झाले. केसकर मराठी गृहस्थ, व्यासंगी आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर उपासक. आकाशवाणीने लोकांची अभिरुची घडवावी, असा त्यांचा आग्रह होता आणि चित्रपटगीते त्या अभिरुचीला मारक आहेत असे त्यांचे मत होते. परिणामी आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ लोपली. दुसऱ्या बाजूस, कोलंबोत महायुद्धाच्या काळात दोस्तराष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेली अत्यंत शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपण यंत्रणा होती. युद्ध संपल्यावर ती सिलोनच्या हाती आली आणि तिच्या लहरी भारतभर स्वच्छ ऐकू येत. आकाशवाणी जाहिराती घेत नसे. सिलोन घेत असे. तेव्हा भारतात दंतमंजन, साबण, पेये विकणाऱ्या कंपन्यांनी कोलंबोची वेळ विकत घेतली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याची फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तेथून तो आवाज पुन्हा भारतातल्या घराघरांत येई. माल मुंबईचा, गिऱ्हाईक भारताचे, दुकान मात्र समुद्रापलीकडे!

केसकरांचा हेतू शुद्ध होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण जे गिऱ्हाईक दारात उभे आहे त्याला हवी ती वस्तू नाकारली, तर ते गिऱ्हाईक सुधारत नाही, शेजारच्या दुकानात जाते. हे पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दिल्लीला ते उमगण्यास पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. आणि तिच्यावर जाहिराती घेण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्याचाही पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, मुंबई, पुणे व नागपूर येथे झाला. तोवर अमीन सयानींचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला होता.

हा आवाज घडला कोठे, हे पाहण्यासाठी रेडिओपासून थोडे दूर जावे लागते. २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत एका गुजरातीभाषक मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. आई कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या चळवळीतील अग्रगण्य कार्यकर्त्या. घरोघर फिरून, विशेषतः पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना लिहावाचावयास शिकविण्याचे व्रत त्यांनी घेतले होते. परंतु अक्षर ओळखू लागलेल्या प्रौढाने पुढे वाचायचे काय? पुस्तकी भाषेचे वृत्तपत्र त्याच्या हाती दिले तर चार दिवसांत तो पुन्हा पाटी टाकून देणार. या अडचणीतून कुलसुमबेनांनी १९४० मध्ये ‘रहबर’ नावाचे पाक्षिक सुरू केले आणि ते १९६० पर्यंत चालविले. त्यामागे महात्मा गांधींची प्रेरणा होती. भाषा साधी हिंदुस्तानी, बाजारात आणि चुलीपाशी बोलली जाणारी. आणि तीच भाषा तीन लिप्यांत छापलेली: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी लिपी सोयीची, त्याने ती वाचावी. बालवयातील अमीन या पाक्षिकाच्या कामात आईच्या हाताखाली राबत असे. प्रारंभीचे शिक्षण गुजरातीतून, घरात इंग्रजीचा वावर, आणि आईच्या टेबलावर ही सोपी हिंदुस्तानी. अवघड शब्द खोडून त्या जागी सोपा शब्द घालण्याचे जे वळण त्या टेबलापाशी लागले, ते पुढे आयुष्यभर टिकले.

जैन वाचकाला यात नवल वाटू नये. भगवान महावीरांनी उपदेशासाठी पंडितांची भाषा बाजूला ठेवून अर्धमागधी स्वीकारली. पुढील आचार्यांनी प्राकृतात विपुल रचना केली. त्यातील एका भाषारूपाला तर विद्वान ‘जैन महाराष्ट्री’ असेच म्हणतात. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी चामुंडरायाचे नाव कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे, आणि त्यातील मराठी लेख हा या भाषेच्या आद्य लेखांपैकी एक मानला जातो. मूर्ती एकच, पण यात्रेकरू जेथून येईल तेथील अक्षरांत त्याला ती ओळख पटावी, ही दृष्टी त्यामागे दिसते. मुंबईतील एका मुस्लिम गृहिणीने तीन लिप्यांत पाक्षिक काढावे, ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे.

तरीही अमीन सयानींचा हिंदीतील प्रवेश सुरळीत झाला नाही. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजीतील नामांकित निवेदक होते. त्यांच्याबरोबर लहान वयातच अमीन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेऊ लागला होता. हिंदी निवेदक होण्यासाठी त्याने आकाशवाणीकडे अर्ज केला, तेव्हा मात्र वाचन चांगले पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा फार, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. हमीदभाईंनी सल्ला दिला की, सिलोनचे हिंदी कार्यक्रम जेथे ध्वनिमुद्रित होतात तेथे जाऊन बस, ऐक, शीक. तो तेथे जाऊन बसू लागला. एके दिवशी ‘ओव्हलटिन फुलवारी’ या कार्यक्रमात जाहिरात वाचणारा निवेदक आलाच नाही. निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी समोर बसलेल्या तरुणाच्या हाती कागद दिला. तरुणाने तो गर्जना करावी तसा वाचला. श्रीवास्तवांनी त्याला थांबवून, ओरडू नकोस, असे सुनावले. दुसऱ्यांदा त्याने तो बोलल्यासारखा वाचला आणि काम त्याला मिळाले. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हलटिनचा एक डबा! सयानी हा प्रसंग पुढे अनेक मुलाखतींतून रंगवून सांगत.

‘ओरडू नकोस’ हा उपदेश किती जणांना हवा आहे, हे चातुर्मासातील किंवा पंचकल्याणक महोत्सवातील मंडपात बसलेल्यांना सांगावयास नको. ध्वनिक्षेपक हाती आला की आवाज आपोआप चढतो. बोल्या लावताना सूत्रसंचालकाला वाटते की, स्वर जितका उंच तितका चढावा उंच. देणगीदारांची नामावळी अर्धा तास चालते आणि महाराजांच्या प्रवचनाला पाऊण तास उरतो. ध्वनिक्षेपक हा आवाज मोठा करण्यासाठीच बनविलेला असतो. त्यापुढे पुन्हा ओरडण्याचे प्रयोजन काय, हा विचार मंडपात फारसा होत नाही. सयानींची सारी शैली याच्या उलट होती. लाखो श्रोते असताना ते एका घरात, एका माणसाशी बोलावे तसे बोलत. संबोधनाची रीतही त्यांनी बदलली. सभेत ‘भाइयो और बहनो’ म्हणण्याचा प्रघात असताना ते ‘बहनो और भाइयो’ म्हणत. शब्द तेच, क्रम उलटा. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या श्राविकेला आपले नाव आधी घेतले गेल्याचे कळत असे, आणि या एका बदलाचे मोल जाहिरात संस्थांच्या कित्येक युक्त्यांहून अधिक ठरले.

पहिल्या ‘गीतमाले’चे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गीते कोणत्याही क्रमाने वाजविली जात. श्रोत्यांनी लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवायचा. बरोबर उत्तराला १०० रुपयांचे बक्षीस. प्रायोजकांना चाळीस-पन्नास पत्रे येतील असे वाटले होते. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६०,००० च्या पुढे गेला. २५ रुपयांत पत्रे तपासण्याचे काम स्वीकारलेल्या तरुणाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना दिवाळीच्या आदल्या रात्री वह्या मिळवीत बसलेल्या कोणत्याही मुनिमाला करता येईल. अखेर १९५४ मध्ये स्पर्धा बंद करून गीतांची क्रमवार यादी वाजविण्याची पद्धत सुरू झाली. क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत. ठरावीक आठवडे यादीत टिकलेल्या गीताला बिगुल वाजवून ‘सरताज गीत’ म्हणून निरोप दिला जाई. गीतांची यादी ही एक कोरडी वस्तू. तिला त्यांनी जिना दिला, पायऱ्या दिल्या, चढणे-उतरणे दिले आणि बुधवारची उत्कंठा निर्माण केली.

बुधवारी रात्री ८ ही वेळ जैन घरांना विशेष सोयीची पडे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली, भांडी घासून झालेली, पेढीवरचा रोजमेळ जुळविणे चाललेले. इतर घरांत याच वेळी पाने वाढली जात असत. चौविहार पाळणाऱ्या घरांत मात्र ही घटका मोकळी असे. रेडिओ ही तेव्हा चैनीची वस्तू होती. त्यासाठी परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. म्हणून गल्लीत एखाद्याच दुकानात रेडिओ असला की आजूबाजूची पोरे फळीवर बसून ऐकत. झारखंडातील झुमरी तलैया हे गाव (तेव्हा बिहारात) फर्माइशींच्या पोस्टकार्डांमुळे देशभर गाजले, ते मूळचे अभ्रकाच्या व्यापाराचे गाव. खाणी आणि गोदामे यांपलीकडे करमणूक नसलेल्या त्या गावातून एका अभ्रक व्यापाऱ्यानेच फर्माइशींची प्रथा पाडली असे सांगतात.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे, कारण तो अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी घेतलेला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे; ज्यातून काही अर्थ साधत नाही अशा पापप्रवृत्तीपासून दूर राहावे, असे ते सांगते. कामुक बोलणे, चाळे, निरर्थक बडबड हे त्याचे अतिचार मानलेले आहेत. मग शृंगारगीतांची मालिका गुंफणाऱ्या निवेदकाचा परिचय श्रावकांच्या मासिकात कशासाठी? पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात रेडिओवर रुमाल पडत असे, अशी घरे महाराष्ट्रात थोडीथोडकी नव्हती आणि ते योग्यच होते. गीते ऐकावीत की नाही हा ज्याच्या त्याच्या व्रताचा प्रश्न आहे. गीते आणि ती सांगणारा यांत मात्र भेद करावा लागतो. ‘मौखर्य’, म्हणजे विनाकारण बडबड, हा जो अतिचार शास्त्राने सांगितला आहे, तो सयानींच्या निवेदनाला लागू करणे कठीण आहे. दोन गीतांमध्ये ते मोजके बोलत. हित, मित आणि प्रिय असे वाणीचे तीन निकष सांगितले जातात. त्यातील मित आणि प्रिय तर त्यांनी निश्चितच साधले होते. हिताचा हिशेब पुढे येईल.

सयानींच्या आयुष्यातील खरी कसोटी आवाजाची नव्हती, मोजणीची होती. ‘गीतमाले’ची यादी लोकप्रिय होताच तिला किंमत आली. वरच्या पायदानावर आलेले गीत अधिक विकले जाई. गीत गाजले की चित्रपटाला गर्दी होई. निर्माता, संगीतकार, ध्वनिमुद्रिका कंपनी, वितरक असे सारेच त्या अर्ध्या-एक तासाकडे डोळे लावून बसत. एखाद्या यादीला पैशाचे मोल आले की ती यादी विकत घेण्याचा विचार कोणाच्या तरी मनात येणारच. बाजारभाव सांगणाऱ्या आडत्याला हे ठाऊक असते. त्याने सांगितलेल्या भावावर शेकडो सौदे ठरत असतील, तर त्याच्या जिभेवर दोन्ही बाजूंचा दाब असतो.

आरंभी यादी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर आधारलेली होती. मोठ्या शहरांतील दुकानदारांकडून आठवड्याचे आकडे मागवायचे आणि त्यावरून क्रम लावायचा. पद्धत सरळ आणि वहीत पकडता येईल अशी. परंतु तिच्यात एक उणीव होती, जी कोणत्याही किराणा दुकानदाराच्या ध्यानात लगेच येईल. जी तबकडी सर्वांत अधिक खपते, तीच दुकानातून आधी संपते. नवा माल येईपर्यंत तिची विक्री शून्य. म्हणजे ज्या आठवड्यात मागणी शिगेला पोहोचली, त्याच आठवड्यात वहीत ती घसरलेली दिसे. विक्री आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिलकी माल नसेल तर विक्रीची वही मागणीविषयी खोटे बोलते. शिवाय अनेकांची आवड तबकडी विकत घेण्याच्या ऐपतीबाहेरची होती. रेडिओ ऐकणारा शेतमजूर किंवा विद्यार्थी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात कधी पाऊल टाकीत नसे. त्याचे मत यादीत येणार कसे?

यावर उपाय म्हणून श्रोता संघांची मते घेण्यास प्रारंभ झाला. गावोगावी रेडिओप्रेमींनी स्थापन केलेले हे छोटे संघ दर आठवड्याला आपली पसंती कळवीत. दुकानाची वही आणि श्रोत्यांची मते अशी दोन मापे एकमेकांवर ताडून पाहता येऊ लागली. ज्या काळात संगणक नव्हता, दूरध्वनीची दीर्घ पल्ल्याची जोडणी मिळण्यास तास लागत आणि सारा व्यवहार पोस्टकार्डावर चाले, त्या काळात हे दर आठवड्याला, न चुकता, चार दशके करणे म्हणजे काय, याचा विचार व्हावा. यादी बिनचूक होती असा दावा करण्याचे कारण नाही; अनेक उत्तम गीते तिच्यात कधी चढलीच नाहीत, कारण लोकप्रियता आणि गुणवत्ता यांची तागडी निराळी असते. तथापि श्रोत्यांनी त्या क्रमावर विश्वास ठेवला. आवडते गीत खाली घसरले की लोक हळहळत, वाद घालीत आणि पुढच्या बुधवारी पुन्हा रेडिओपाशी येऊन बसत. ज्या दुकानाच्या मापावर संशय आहे तेथे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे: घेताना जास्त आणि देताना कमी भरेल असे माप ठेवणे. सत्याच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे: खोटा लेख तयार करणे. हे अतिचार वाचताना धान्याची पायली, सोन्याचा काटा आणि खतावणी यांचीच आठवण होते. पण आकडे जाहीर करणारा प्रत्येक माणूस तराजू हाती धरून बसलेला असतो. समाजाच्या संस्थेचा वार्षिक जमाखर्च वाचून दाखविणारा चिटणीस घ्या, निवडणुकीची मते मोजणारा पंच घ्या, जीवदयेसाठी जमलेला निधी जाहीर करणारा कार्यकर्ता घ्या. त्यांच्या तोंडून निघालेला आकडा हाच ऐकणाऱ्यांसाठी पुरावा असतो. ते वही उघडून पाहावयास येत नाहीत.

सयानी जाहिरातींच्या जगातच जगले, हेही स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. ५४,००० हून अधिक रेडिओ कार्यक्रम आणि सुमारे १९,००० जाहिराती व जिंगल त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. ‘सॅरिडॉन के साथी’, ‘एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा’, मराठा दरबार अगरबत्तीचे कार्यक्रम. वेदनाशामक गोळी, कापड, अगरबत्ती असा बाजारपेठेतील बहुविध माल त्यांच्या आवाजाने घरोघर पोहोचला. एस. कुमार्सचे कापड विकणाऱ्या गावोगावच्या दुकानदारांना त्या कार्यक्रमांचा लाभ झालाच असणार. १९७६ पासून त्यांनी आपले कार्यक्रम परदेशांतील केंद्रांकडेही पाठविण्यास आरंभ केला. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, फिजी येथील भारतीय वस्त्यांत ते ऐकले जात. व्यापारासाठी तेथे गेलेल्या गुजराती आणि कच्छी कुटुंबांना त्यांच्या हिंदीतला तो गुजराती हेल परका वाटला नसेल. आकाशवाणीने एके काळी ज्या छटेसाठी त्यांना नाकारले, तीच छटा परदेशातल्या पेढ्यांवर घरची ठरली, हा योगायोग गमतीचा आहे.

आता हिताचा हिशेब. १९७५ मध्ये हमीद सयानींचे निधन झाले. शाळकरी मुलांसाठी ते चालवीत असलेली ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ अमीन सयानींनी हाती घेतली आणि पुढे आठ वर्षे चालविली. धाकट्याने थोरल्याची पेढी सांभाळावी तशी ही गोष्ट. त्यात इंग्रजीकडे परत वळावे लागले, तेही त्यांनी केले. दुसरे काम अधिक महत्त्वाचे, पण त्याची चर्चा फारच अल्प होते. एड्सविषयी उघड बोलण्यास भले भले कचरत असताना आकाशवाणीसाठी त्यांनी ‘स्वनाश’ नावाची १३ भागांची मालिका तयार केली. प्रत्यक्ष रुग्णांच्या कहाण्यांवर बेतलेली, डॉक्टरांच्या आणि सामाजिक कार्यकर्त्यांच्या मुलाखती असलेली ही मालिका होती. जो आवाज लोकांनी गीतांच्या पायदानांसाठी कानाआड केला नव्हता, त्याच आवाजाने रोग कसा होतो, कसा होत नाही आणि रोग्याला घराबाहेर काढणे का अन्यायाचे आहे, हे सांगितले. अनेक स्वयंसेवी संस्थांनी त्या ध्वनिफिती आपल्या कामासाठी घेतल्या आणि वस्त्यांमधून ऐकविल्या.

या मालिकेकडे समाजातील दानशूरांनी विशेष लक्ष द्यावे असे वाटते. रुग्णालयाला खाट देणे, रक्तदान शिबिर भरविणे, औषधे वाटणे या गोष्टी जैन संघटना निष्ठेने करतात. परंतु ज्या रोगाविषयी बोलण्याचीच लाज वाटते, त्याविषयी घरातल्या भाषेत बोलणारा माणूस उभा करणे हेही अभयदानच आहे. भीती अज्ञानातून येते, आणि ते दूर करण्यास खाटेइतकीच बोलण्याचीही गरज असते. क्षयरोग, मानसिक आजार, दुकान बुडाल्यानंतर तरुण व्यापाऱ्याला आलेले नैराश्य, हे विषय संघाच्या सभेत कोणी काढीत नाही. काढले तरी ते इतक्या संस्कृतप्रचुर भाषेत किंवा इतक्या इंग्रजी संज्ञांतून मांडले जातात की, ज्याला ऐकावयाचे असते तोच मागच्या रांगेतून उठून जातो. कुलसुमबेनांच्या ‘रहबर’ने सोडविलेला प्रश्न हाच होता: अक्षर कळते, भाषा कळत नाही. मुलाने तोच धडा पन्नास वर्षांनी ध्वनिफितीत उतरविला.

‘गीतमाला’ १९८८ पर्यंत सिलोनवरून आणि त्यानंतर १९८९ ते १९९४ पर्यंत विविध भारतीवरून चालली. दूरचित्रवाणी आली, ध्वनिफितींची बाजारपेठ फोफावली, आणि बुधवारी ८ वाजता रेडिओपाशी बसण्याची सवय हळूहळू मोडली. नव्या खाजगी वाहिन्यांवरील निवेदक झपाट्याने, हसत-खिदळत, दर वाक्यात दोन भाषा मिसळून बोलू लागले. श्रोता त्यांच्यावर हसतो, त्यांच्यासह हसतो, पण त्यांनी सांगितलेला क्रमांक खरा मानतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. २००९ मध्ये भारत सरकारने सयानींना पद्मश्री दिली. आईला हाच सन्मान त्यांच्या कित्येक वर्षे आधी मिळाला होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, मंगळवारी सायंकाळी, वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर पोहोचली. तो दिवस बुधवार होता.